फाळक्यांची ‘फॅक्टरी’ ऑस्करला धाडली ते बरोबर, पण पाचात बसण्याजोगी होती का?

‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांवरच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, असं नाशकात अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. ३० एप्रिल आला, फाळके जयंतीचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले, की त्याखाली हे वाक्य असतंच. मिळालं नव्हतं. चित्रपट २००९ मध्ये भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला होता, आणि प्रवेशिका व नामांकन यांत नाशिकच्या मुंबईनाक्यापासून मुंबईइतकं अंतर आहे.

आधी ते अंतर मोजून घेऊ. परभाषिक चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. भारतातून तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती निवडते. अटी साध्या आहेत. लांबी ४० मिनिटांपेक्षा जास्त हवी, निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत हवेत, आणि चित्रपट मायदेशात चित्रपटगृहात सलग सात दिवस तिकीट लावून चाललेला हवा. जगभरच्या अशा साठ-पासष्ट प्रवेशिकांतून त्या वर्षी नऊ चित्रपटांची यादी निघाली. त्यातले सहा सर्वसाधारण सदस्यांच्या मतांनी आले, तीन एका वेगळ्या छोट्या समितीने घातले. नवातून पाच निवडले जातात, आणि नामांकन म्हणायचं ते या पाचांनाच. २०२० पासून मधली यादी पंधराची झाली, पण नामांकनं पाचच. या विभागात भारताचे आजवर तीनच चित्रपट पाचांत पोचले: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. मराठीतून प्रवेशिका गेल्या त्याही तीनच: ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’. पाचांत एकही नाही.

तेव्हा प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. पाठवायला योग्य होता का? होता. पाचांत बसायला योग्य होता का? नव्हता. आणि तो न बसण्याची कारणं अमेरिकेतल्या परीक्षकांच्या अज्ञानापेक्षा खुद्द चित्रपटात जास्त आहेत.

दिग्दर्शक परेश मोकाशी नाटकातले. हा त्यांचा पहिला चित्रपट. फाळके झालेत नंदू माधव, सरस्वतीबाई विभावरी देशपांडे, संगीत आनंद मोडक यांचं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळालेला आहे. कथा १९११ ते १९१३ या काळाभोवती फिरते. छपाईचा धंदा सोडून बसलेला चाळिशीतला माणूस तंबूत सिनेमा पाहतो, झपाटतो, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला जातो, कॅमेरा आणतो आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावतो. शीर्षक कशावरून, हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी: सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं होतं की फाळके आपल्या नटांना सांगत, कुठे नोकरी करता असं कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे म्हणा.

चित्रपटाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे त्याचा सूर. थोर माणसावरचा मराठी चित्रपट म्हटलं की समई, तंबोरा आणि डोळ्यांत पाणी, अशी एक ठरीव पंगत वाढलेली असते. मोकाशींनी ती पंगतच उठवली. इथला फाळके खोडकर आहे, जादूचे प्रयोग करणारा आहे, घरातलं सामान विकतानाही हसतो. शेजारीपाजारी त्याला वेडा ठरवतात तोही विनोद होतो, आणि तो उगाच ओढून आणलेला वाटत नाही. नंदू माधव यांनी भूमिकेत एक विशिष्ट लगबग ठेवली आहे. मान किंचित पुढे, पाय मनाच्या आधी निघालेले. ती लगबग चित्रपटभर सुटत नाही. मूकपट वेगाने फिरवले की माणसं जशी टुणटुणत चालतात, त्याची आठवण करून देणारी ही चाल आहे, आणि ती अपघाताने आलेली नसावी.

सरस्वतीबाई तर याहून सरस. नवऱ्याच्या वेडापायी सोसणारी बाई, या साच्यात त्यांना कोंबलेलं नाही. नवरा काय करतोय ते समजून घेणारी, मग ते काम हाती घेणारी आणि शेवटी त्या कामातली जाणकार झालेली बाई दिसते. पुस्तकांतही तसंच आहे. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून हाताखालच्या माणसांचं जेवणखाण बघण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे होतं. देशपांडे हे सगळं फार कमी आवाजात करतात. त्यांच्या एका ‘अहो’मध्ये कधी काळजी असते, कधी वैताग, कधी ‘चला, मी तयार आहे’. इंग्रजी उपशीर्षकात या ‘अहो’चं काय होतं? काहीच नाही, ते गळून पडतं. ही एवढीशी बाब नव्हे, तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

नितीन चंद्रकांत देसाईंचं कलादिग्दर्शन नेमकं आहे. १९१० च्या आसपासचं गिरगाव म्हणजे काय, तर लाकडी कठडे, कंदिलांचा उजेड, पागोटी आणि ट्राम एवढ्यावर भागवता येतं. इथे वस्तू वापरलेल्या दिसतात, मांडलेल्या नाहीत. कॅमेरा पुष्कळदा एका जागी ठाम राहतो आणि माणसं चौकटीत येतात-जातात. फाळक्यांच्या स्वतःच्या चित्रपटांत तसंच होतं, कारण तेव्हा कॅमेरा हलवणं हे प्रकरणच वेगळं होतं. ही शैली विषयातूनच आलेली आहे, नाटकवाल्याची सवय म्हणून झटकून टाकू नये.

मग खोट कुठे आहे? अडचणींना वजन नाही इथे.

चित्रपटात अडथळे ओळीने येतात: पैसा नाही, यंत्र नाही, बाई नाही, डोळे जातात की काय अशी वेळ. आणि प्रत्येक अडथळा दोन-तीन प्रसंगांत पार होतो. पहिल्या तीन वेळा आपण खूश होतो. चौथ्यांदा कळून चुकतं की आताही काहीतरी जमेल, आणि तिथून पुढे ताण संपतो, उरते ती गंमत. डोळ्यांचंच घ्या. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेला वेळ प्रयोगात घालवायचा, झोप जेमतेम तीन तास. अशाने फाळक्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. छायाचित्रण, छपाई, ब्लॉक बनवणं, असं सगळं आयुष्य डोळ्यांच्या जोरावर काढलेल्या माणसाला दिसेनासं होतं, यात काय भीती असेल! चित्रपट या भीतीपाशी थांबत नाही. चष्मे लागतात, दिसायला लागतं, पुढे चला.

दुसरी खोट कामाच्या बाबतीत आहे, आणि ही जास्त खटकते, कारण हा चित्रपट एका कारागिरावरचा आहे. फाळक्यांचं काम नेमकं किती होतं, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, बसतात. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला १२८. त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकांची येई. लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला तसं भोकं पाडायचं यंत्रही आणावं लागलं, ते याचसाठी. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोकं. हे फक्त निगेटिव्हचं झालं, तेही एक फूटसुद्धा वाया गेला नाही असं धरून. आणि हे काम उजेडात होत नाही. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे म्हणून लाल दिवा चाले, पण बाकी सगळं हाताच्या अंदाजाने. दोन भोकांतलं अंतर केसभर चुकलं की कॅमेऱ्याचे दात नीट बसत नाहीत. मग पडद्यावर चित्र उड्या मारतं, किंवा कॅमेऱ्यात फिल्म जिथून सरकते त्या खिडकीपाशी अडकून फाटते. फाटली की तो प्रसंग पुन्हा करायचा, आणि उन्हं कलली असतील तर दुसऱ्या दिवशी.

सरस्वतीबाईंचे हात या कामात होते. पडद्यावर मात्र याचा भार जाणवत नाही. दोन मिनिटांचा एकच सलग प्रसंग, लाल उजेड, यंत्राचा टकटक आवाज, मागे झोपलेली मुलं, एवढं जरी असतं तरी परदेशी प्रेक्षकाला एका उपशीर्षकाचीही गरज पडली नसती.

कुंडीतल्या वाटाण्याचंही तसंच. भांडवलदारांना पटवण्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर फुटून वेल होतो ते चित्रित केलं. चित्रपटात हा भाग गोड आहे, मुलांना हमखास आवडतो. पण त्यातली मेख अशी: सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने मिनिटभराची फिल्म हवी तर ९६० चौकटी लागतात. महिनाभरात त्या घ्यायच्या तर दिवसाला ३२. कॅमेरा जागचा हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये, आणि उजेड सारखा नसेल तर चित्र लुकलुकतं. ज्या घरात लहान मुलं आहेत त्या घरात महिनाभर एक कुंडी कुणी हलवायची नाही! हा केवढा विनोद आहे, आणि तोही मोकाशींच्याच जातीचा. तो हातचा गेला.

आता उपशीर्षकांकडे परत. बायकांच्या भूमिका करायला बायका मिळेनात. वेश्यावस्तीतूनही नकार आला. अखेर उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. बाईच्या भूमिकेतल्या पुरुषांना मिशा काढायला सांगितलं तेव्हा ते हटून बसले. चित्रपटगृहात मराठी प्रेक्षक इथे खदखदतो, कारण त्याला माहीत असतं की बाप गेल्यावर मिशी उतरवतात. बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नाही. लॉस एंजेलिसमधल्या मतदाराला हा फार तर पुरुषी तोऱ्याचा विनोद वाटेल. मिशीमागचं सुतक त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘अहो’ पोचत नाही, मिशी पोचत नाही, कोकणस्थी घरातला तो सरळ चेहऱ्याने मारलेला टोमणा पोचत नाही. भाषेवर उभा असलेला विनोद प्रवासात निम्मा सांडतो. चित्रपटाचा हा दोष नाही, पण स्पर्धेत तो आड येतो. आणि उरलेलं निम्मं पुरेल इतकं दृश्यांत भरलेलं नव्हतं, हा मात्र दोषच.

समोर कोण होतं तेही बघायला हवं. त्या वर्षी पाचांत फ्रान्सचा ‘अ प्रॉफेट’, जर्मनीचा ‘द व्हाइट रिबन’, इस्रायलचा ‘अजामी’, पेरूचा ‘द मिल्क ऑफ सॉरो’ आणि ज्याने बाजी मारली तो अर्जेंटिनाचा चित्रपट. ‘द व्हाइट रिबन’चा काळ जवळजवळ फाळक्यांचाच, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा. तोही संथ, तोही जुन्या छायाचित्रासारखा. पण तिथे प्रत्येक चौकटीत काहीतरी दडवलेलं आहे आणि पाहणाऱ्याला स्वस्थ बसू दिलेलं नाही. ‘फॅक्टरी’त सगळं उघड आहे, चांगलं आहे, आणि चांगलंच होणार आहे. अशा पंगतीत हा चित्रपट शेवटच्या नवांतही आला नाही, याचं वाईट वाटावं पण नवल वाटू नये.

तुलनेला घरचंच उदाहरण हवं तर त्याच सुमाराचा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आहे. विषय शेतकरी आत्महत्येचा, आणि तरीही विनोदी. नवरा जीव देईल या धास्तीने बायको त्याच्यावर पहारा ठेवते. हसू येतं आणि घशात अडकतं. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा-द्राक्षवाल्या प्रेक्षकाला तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही. परदेशातही तो भाषेवर इतका अडला नसता. आमच्या मते त्या वर्षी मराठीतला जास्त दमदार उमेदवार तो होता. तरी निवड समितीने ‘फॅक्टरी’ उचलली याला दोष देता येत नाही. भारतीय सिनेमाचा जन्म सांगणारा चित्रपट, नेटका, दीड तासाच्या आसपासचा, गाण्यांचं ओझं नाही. कुठलीही समिती हाच कागद वर ठेवेल.

वेळेचं गणितही विचित्र जमलं होतं. निवड सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. महाराष्ट्रभर चित्रपट लागला तो २९ जानेवारी २०१० ला. नामांकनं आली २ फेब्रुवारीला, आणि नवांची यादी त्याआधीच लागून गेली होती. म्हणजे पोस्टरवर ‘ऑस्कर’ वाचून लोक तिकीट काढत होते तेव्हा शर्यत आटोपलेली होती. नाशकात जी गैरसमजूत अजून चालू आहे तिचं मूळ बहुधा या आठवड्यात आहे. एरवी प्रवेशिका म्हणजे निम्मं काम. पुढे तिकडे खेळ लावा, वितरक गाठा, मतदारांपर्यंत पोचा, असा खर्चिक व्याप असतो. ‘श्वास’च्या वेळी या खर्चासाठी महाराष्ट्राने झोळी फिरवली होती. नाशिकच्या एका शाळेतल्या मुलांनी वर्गणी काढून १,००१ रुपये दिले होते. पण नुसत्या प्रचाराने होतं असंही नाही. ‘कोर्ट’ व्हेनिसहून दोन पुरस्कार घेऊन आला होता, त्याला अमेरिकेत वितरकही होता, तरी पाचांत आला नाही. तीन मराठी प्रवेशिकांत आमचं मत विचाराल तर पाचांत बसायचा हक्क फक्त ‘कोर्ट’चा होता.

नाशिककरांची आणखी एक तक्रार असते, की चित्रपटात ‘आपलं’ काही नाही. तक्रार अर्धी खरी. फाळके त्र्यंबकचे, १८७० सालचा जन्म. पहिल्या यशानंतर ते बिऱ्हाड घेऊन नाशकात आले, आणि ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’ हे त्यांचे गाजलेले चित्रपट इथले. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. १९१८ मध्ये इथेच हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदारांशी बिनसलं, काशीला जाऊन नाटक लिहिलं, परत आले, बोलपटांनी पायाखालची जमीन काढून घेतली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच गेले. यशाचं आणि पडझडीचं नाशिक पर्व ‘फॅक्टरी’च्या आवाक्यात येत नाही. ज्या कथेत नायकाला काही किंमत मोजावी लागते ती कथा नेमकी हीच. परीक्षकांना जे वजन हवं होतं ते मुंबई-आग्रा रस्त्यावर, इथे नाशकात पडून होतं. पण मोकाशींनी जे करायचं ठरवलं नव्हतं ते केलं नाही म्हणून गुण कापणं बरं नव्हे.

पाहावा का? जरूर. आठ-दहा वर्षांच्या पुढची मुलं सोबत असतील तर आणखी चांगलं. वेश्यावस्तीचा उल्लेख आहे, पण अवघडून जावं असं काही नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक बघायला पाहुणे न्यायचे असतील तर आदल्या रात्री हा दाखवून मग न्या.

आणि तो संपल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’चे उरलेले तुकडे लावा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पहिलं आणि शेवटचं रीळ जपलं आहे, मिळून १,४७५ फूट. काही अभ्यासकांच्या मते ही रिळं १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, म्हणजे असलीच तर आपल्या नाशिकची. बायकांच्या वेषातले पुरुष ओल्या लुगड्यांत हौदात उतरतात तो प्रसंग त्यात आहे. मिशा खरोखर उतरवल्या होत्या हे तिथे डोळ्यांनी बघता येतं. फक्त वेग सांभाळा. मूळ चित्रण हाताने फिरवलेलं, सेकंदाला साधारण १६ चौकटींचं. आजच्या २४ च्या वेगाने लावलं की ३,७०० फुटांचा तासाभराचा चित्रपट ४१ मिनिटांत उरकतो आणि तारामती दुडूदुडू धावते. इंटरनेटवरची प्रत अशी धावताना दिसली तर वेग ०.७५ वर ठेवा. मग तोच हौद, तेच साळुंके, पण पाणी पाण्यासारखं हलतं.